मायाप्पामामांची कातर

कुत्र्याला फिरायला न्यायच्या आधी स्वतःची चप्पल काढून डांबरी रस्त्यावर अनवाणी उभा राहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मायाप्पामामा गेटबाहेर येत, उजव्या पायातली चप्पल काढत, पाऊल रस्त्यावर टेकवत आणि तोंडातल्या तोंडात वीसपर्यंत आकडे मोजत. वीस झाले की "चला पाव्हणं" म्हणून निघत. मध्येच चटका बसून पाऊल उचललं गेलं तर दोघंही मुकाट लिफ्टकडे परत. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत लोक बाल्कनीतून हे बघायचे आणि हसायचे. मीही हसलेली आहे. परवा गेटबाहेर मीच तशी एक चप्पल हातात घेऊन उभी होते आणि शेजारच्या टॉवरमधल्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हणून मामांविषयी लिहायला बसले.

पाव्हणा म्हणजे आमचा कुत्रा. जात सॅमॉयेड, आम्ही ठेवलेलं नाव कापूस. ही जात बर्फाच्या मुलखातली. तिकडची भटकी माणसं रेनडिअरचे कळप राखायला ही कुत्री पाळत आणि थंडीत त्यांना पोटाशी घेऊन झोपत. हे सगळं आम्ही तो घरी आल्यावर वाचलं. आणायच्या आधी एवढंच माहीत होतं की तो पांढराशुभ्र असतो, आणि ओठांचे कोपरे वर वळलेले असल्यामुळे सदा हसतोय असं दिसतं. तेव्हा घरून काम चालू होतं, आम्ही दोघं दिवसभर एकमेकांच्या अंगावर येत होतो, आणि एका संध्याकाळी मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोनवर एक हसरं पिल्लू दाखवलं. मी पुण्याची. कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायची आमची पद्धत. त्या दिवशी नेमकं नाही म्हटलं नाही. वर्षभरात दोघांच्याही ऑफिसांनी परत बोलावलं आणि बर्फातला तो प्राणी सातव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, एसी लावून, दिवसाचे नऊ नऊ तास एकटा राहू लागला.

मायाप्पामामा तेव्हा सोसायटीत बागकामाला होते. निपाणीकडच्या एका खेड्यातले धनगर, साठीला टेकलेले, काटक, डोक्याला कायम एक चौकड्यांचा टॉवेल. घरची मेंढरं धाकटा भाऊ सांभाळत होता आणि तेवढ्यावर दोन घरं चालत नाहीत म्हणून मामा बंगळूरला आले होते. वॉचमनशी कन्नड, सुपरवायझरशी मोडकंतोडकं हिंदी असं त्यांचं चाले. मला आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून म्हणाले, "अक्का, तुमी मराठी बोलताय की. मग इतकं दिस गप का?" मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते.

खरी ओळख झाली ती कापसाच्या पराक्रमामुळे. एका रविवारी तो मंदारच्या हातातून सुटला. खाली मुलांचा खेळ रंगला होता. आम्ही पोचेपर्यंत त्याने आठ-नऊ मुलं बॅडमिंटन कोर्टाच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवली होती. चावला नाही, ओरबाडलं नाही. नुसता भुंकत गोल गोल फिरत होता, आणि एखादं पोर फुटून पळायला लागलं की त्याच्या गुडघ्यामागे नाकाने ढुशी देऊन त्याला परत आत आणत होता. पोरं रडत होती, आया ओरडत होत्या, मंदार इंग्रजीतून विनवण्या करत होता. मामांनी हातातली पाण्याची नळी खाली ठेवली आणि जीभ टाळूला लावून असा काही "हिर्रर्र हो" आवाज काढला की कुत्रा होता तिथेच थांबला आणि खाली बसला.

"भिऊ नगासा," मामा आयांना म्हणाले. मग तेच कन्नडमध्ये. मग माझ्याकडे वळून, "त्यो चावायला न्हाई आला अक्का, कळप गोळा करतोय. कुणी शिकिवलं न्हाई, तरी राखतोय बगा." त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसं परक्या गावात भाऊबंदापैकी कुणी भेटावं. त्या महिन्यापासून ते बागेचं काम आटोपून दुपारी आमच्याकडे येऊ लागले. पाव्हणा हे नावही त्यांचंच. "थंड मुलखातनं आलाय, आपुन बोलावलं म्हणून आलाय. मग पाव्हणाच की."

मामांचं कुत्रा सांभाळणं बघण्यासारखं असे. मंदारने आणलेला महागाचा ब्रश त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि खिडकीत ठेवून दिला. ते स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर मांडी घालून बसत, पाव्हण्याला आडवा करत आणि बोटांनी केसांचे भांग पाडत पाडत शेपटीकडून मानेकडे सरकत. वरचे केस राठ, आतली लव मऊ आणि दाट. नुसतं वरवर विंचरलं तर आत गाठी तशाच राहतात. "कातडं दिसलं पायजे," हे त्यांचं पालुपद. पावसात भिजून आला की टॉवेलने वरचं पाणी टिपून भागत नसे, आतली लव कोरडी होईपर्यंत ते पंख्याखाली तासभर फुंकत, चोळत बसत. वर्षातून दोनदा आतली लव मोकळी होऊन घरभर उडे. मी नाकाला रुमाल बांधून झाडू घ्यायची, आणि मामा तीच लव पिशवीत भरून ठेवत. मग टकळीवर तिचा धागा काढत. चांगला पीळदार, पांढरा धागा निघे. "मेंढराच्या लोकरीच्या तोडीचं हाय," असं ते कबूल करत, पण जरा नाइलाजाने.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली. आल्यागेल्याला कापसाचं हसणं फार आवडे. फोटो काढत, किती आनंदी आहे म्हणत. मामा म्हणायचे, "त्येचं तोंडच तसलं हाय अक्का. हसतंय म्हणून सुखात हाय आसं धरू नगा. जीब बगायची, हिरडी बगायची." हिरडी गुलाबी असली की सगळं ठीक.

आणि त्यांची कातर. वडिलांच्या हातची, लोखंडी, मेंढ्या कातरायची. मेणकापडात गुंडाळून कायम पिशवीच्या तळाशी. दर वर्षी उन्हाळा लागायच्या आत आठ दिवसांची रजा घेऊन ते गावी जात, भावाची सगळी मेंढरं कातरून येत. "चाळीस मेंढरं एका दिसात. रगताचा टिपूस न्हाई." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकलं असेल. एरवी हा माणूस स्वतःविषयी बढाई मारणारा नव्हता. एवढी एकच मारायचा, आणि ती खरी होती.

त्या उन्हाळ्यात बंगळूरला पाण्याचे हाल चालले होते. टँकरसाठी भांडणं, विजेचा लपंडाव. सोसायटीच्या जनरेटरवर दिवे-पंखे चालत, एसी चालत नसे. त्यातच आमचा एसी बंद पडला आणि मेकॅनिक आज-उद्या करू लागला. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्यात होते, मंदार कामासाठी हैदराबादला. मामा आमच्याच घरी मुक्कामाला होते. त्यांचा फोन आला, "अक्का, पाव्हण्याला लई उकडतंय. धापा टाकतोय. काय करू?"

मी म्हटलं, "मामा, मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला सुचेल ते करा."

पिल्लू आणलं तेव्हाच डॉक्टरांनी मंदारला बजावलं होतं, की कितीही उकडलं तरी या जातीचे केस कापायचे नाहीत. मंदारने ते मला सांगितलं होतं. मामांना सांगावं असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं, ही आमची खात्री. आणि मामांच्या घराण्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी जनावराच्या अंगावरचं ओझं उतरवणं ही माया होती. बापाने केलं, आज्याने केलं. त्यांनी पाव्हण्याला अंघोळ घातली, पूर्ण वाळवलं, मेणकापड सोडलं आणि तासाभरात सगळे केस उतरवले.

मी आले तेव्हा दारात एक अनोळखी गुलाबी कुत्रा उभा होता, एवढासा, मान बारीक. कुठे एक ओरखडा नव्हता. मामा मागे उभे होते, केसांचं पोतं भरून बाजूला ठेवलेलं. माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरांचं वाक्य मला आठवलं. नाही असं नाही, आठवलं. पण प्रवासाने दमले होते, घर तापलं होतं, आणि कुत्रा खरंच हलका झाल्यासारखा वाटत होता. मी म्हणाले, "बरं केलंत मामा. सुटला बिचारा."

मामांचा चेहरा उजळला. हे मी कधी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. घरात कोंडत होतं म्हणून मामांनी पाव्हण्याला बाल्कनीत, उन्हात का होईना, वाऱ्यावर बसवलं. कातरलेली मेंढरं मोकळ्या वाऱ्याला लागली की तरतरीत होतात, हा त्यांचा अनुभव. अर्ध्या तासाने मामांची हाक आली. कापूस आडवा पडला होता, डोळे अर्धवट, श्वास घरघरत होता, हिरड्या विटेसारख्या लाल. तोंडाचे कोपरे वरच. हसतच होता.

मामांनी त्याच्यावर पाणी ओतलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं. खाली आलो. रिंग रोड नेहमीप्रमाणे तुंबलेला, कॅब नकाशावर एकाच जागी उभी. एका रिक्षावाल्याने आत डोकावून "नायी बेडा अक्का", कुत्रा नको, म्हणत गिअर टाकला. मामांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी पंचवीस किलोचं ते ओलं जनावर मानेवर आडवं घेतलं, पुढचे-मागचे पाय छातीवर धरले आणि गाड्यांच्या मधून धावत सुटले. चप्पल कुठेतरी निसटली होती. मी मागून, त्यांच्या पिशवीसकट. दवाखाना दीड किलोमीटर तरी असेल. वीसपर्यंत न मोजता तो माणूस त्या रस्त्यावरून अनवाणी धावला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. सलाइन लावलं, पोटाला आणि पंजांना गार पाणी चालू ठेवलं, आणि मग त्या उघड्या अंगावरून हात फिरवत तिने वर पाहिलं. "ये किसने किया?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "इन्होंने."

मामांनी मान हलवली. "हां जी. मैंने." मी त्यांना काय म्हणाले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टर त्यांना समजावू लागली. हे केस अंगावरचं ओझं नव्हे, हे याचं छप्पर आहे. थंडी बाहेर ठेवतं तसं ऊनही बाहेर ठेवतं. मेंढीची लोकर वर्षावर्षाला वाढते, याची एकदा उतरवली की पहिल्यासारखी येईलच असं नाही. पुढचा उन्हाळा याला केसांशिवाय काढावा लागला तर अवघड आहे. मामा ऐकत होते, आणि त्यांच्या तळव्यांना आलेले फोड मला दिसत होते. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

कापूस वाचला. चार दिवसांनी घरी आला. पण दवाखान्यातली बातमी आमच्या आधी सोसायटीत पोचली. मंदारने रागाच्या भरात सेक्रेटरींना सांगितलं होतं आणि सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, की कुत्री अडाणी माणसांच्या हाती देऊ नयेत, एका कुत्र्याचा जीव जाता जाता वाचला. मामा आणखी तीन घरची कुत्री फिरवायचे. ती तिन्ही घरं बंद झाली. महिन्याभरात बागेचं कामही गेलं. मी ग्रुपवर लिहायला घ्यायची आणि खोडायची. "त्यांची एकट्याची चूक नाही" एवढंच वाक्य. किती वेळा खोडलं ते मोजलं नाही.

मंदार म्हणाला, आपणही दुसरं कुणी बघू. मामांनी मला एवढंच सांगितलं, "केस येऊंद्या अक्का. केस आलं की जातो." ते आमच्याकडेच राहिले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे एकाच गोष्टीची वाट बघू लागले. केस यावेत, ही त्यांची धडपड. केस यावेत असं मलाही वाटे, आणि आले की मामा जातील म्हणून येऊ नयेत असंही वाटे. असं दोन्हीकडून वाटणं फार वाईट.

पुढचे दहा महिने मामांनी जे केलं ते पोटच्या पोरासाठी कुणी करेल का, मला सांगता येत नाही. चामराजपेटेत ओळखीच्या शिंप्याकडून मांजरपाटाची झूल शिवून आणली. ती ओली करून, पिळून पाव्हण्याला घालायची, तासाभराने वाळली की पुन्हा ओली. फिरणं पहाटे, झुंजुमुंजू व्हायच्या आत. बाल्कनीचं दार त्यांनी सुतळीने बांधून टाकलं. दर रविवारी बोटाचं पेर लावून केस मोजायचे, तीन जागी, मान, पाठ आणि डावी कूस. "मान एक पेर. पाठ अर्धं. कूस न्हाई." पावसाळ्यात मान दोन पेरं झाली. कूस न्हाई. दिवाळीला पाठ दोन पेरं. कूस न्हाई. ती तळहाताएवढी उघडी जागा ते इतक्या वेळा बघत, की कापूसही त्यांची चाहूल लागली की आपण होऊन उजव्या अंगावर आडवा होई.

त्यांचं बोलणं कमी झालं. चाळीस मेंढरांचं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. जानेवारी सरताना भावाचा फोन आला, मी शेजारीच चहा गाळत होते. कातरायला कधी येतोस, असं भाऊ विचारत असणार. मामा म्हणाले, "न्हाई जमायचं. दुसऱ्या कुनाला तरी सांग." पलीकडून काही बोलणं झालं. मामा म्हणाले, "हात चालत न्हाई." फोन ठेवून त्यांनी उजवा हात उघडून पाहिला, काही लागलंय का बघावं तसा. त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. त्याच हाताने ते रोज तासभर केस विंचरत होते. मी चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि आत जाऊन रडले, हे सांगायला लाज वाटते, पण रडले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. डाव्या कुशीवर पांढरी लव आली होती. मऊ, दाट, बोट बुडेल एवढी. वरचे राठ केस अजून विरळच होते, पण डॉक्टरांनी बघून सांगितलं की एवढ्यावर उन्हाळा निघेल. मामांनी "सरी", म्हणजे ठीक, म्हटलं आणि घरी येऊन आपली पिशवी आवरायला घेतली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "मामा, त्या दिवशी मीच म्हणाले होते, बरं केलंत म्हणून. आणि डॉक्टरांनी कापू नका सांगितलंय, हे मला माहीत होतं. दवाखान्यात मी तुमच्यावर ढकललं."

मामा टॉवेलची घडी घालत होते. "ठावं हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कातर माज्या हातात हुती, अक्का." त्यांनी घडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "तुमी आज बोलला. तेवडं स्वल्प बरं वाटलं." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही. मेणकापडातली कातर त्यांनी ओट्यावर ठेवली होती. ती पिशवीत गेली नाही. "नगं मला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि कापूस त्यांना सोडायला गेटपर्यंत गेलो. जवळच्या तळ्याकडून घाण वास येत होता, रस्ता मोकळा होता. मामा गेटबाहेर पाच-सहा पावलं गेले असतील, कापसाने माझ्या हातातून पट्टा ओढून घेतला. तो त्यांच्या पुढे जाऊन वाट अडवून उभा राहिला, मग मागे वळून त्यांच्या गुडघ्यामागे नाकाने ढुशी दिली. मामा थांबले. त्याने आणखी एक ढुशी दिली. मामा मुकाट्याने वळले आणि तो ढकलेल तसे गेटच्या आत आले. पुन्हा निघाले. त्याने पुन्हा वळसा घातला, पुन्हा आत आणलं. तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा मामा त्याच्यापुढे चालत आत आले. रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

चौथ्या वेळी मामा गेटबाहेर जाऊन वळले, जीभ टाळूला लावली आणि "हिर्रर्र हो" केलं, अगदी हळू. कापूस होता तिथेच खाली बसला. मामा बसस्टॉपच्या दिशेने गेले, मागे न बघता. मी कापसाशेजारी वाकून त्याचं तोंड वर केलं. कोपरे वर वळलेले, नेहमीसारखे. मी ओठ उचलून हिरडी पाहिली, गुलाबी होती. पण तो उठायला तयार नव्हता, आणि मामांसारखा आवाज काढून त्याला उठवणं मला येत नव्हतं.